पोरांचे शाळेचे बूट आणि ड्रेस: बदलायचे कधी, आधी घ्यायचं काय?

शाळा उघडायला आठ-पंधरा दिवस उरले, की विहारात जमलेल्या बायकांमधून एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पैसे एकाचेच आहेत. बूट घेऊ का ड्रेस घेऊ?" तेंदूपत्त्याची मजुरी नुकतीच हातात आलेली असते. पण तिच्यावर धानाचं बियाणं, खत, दुकानाची उधारी, घरावरची फुटकी कवेलू असं सगळं टपून बसलेलं असतं. घरात शाळेत जाणारी दोन-तीन लेकरं. जे उरतं त्यात एकाचा बूट होतो, नाहीतर एकाचा ड्रेस.

सालेकसा तालुक्यातल्या आमच्या वस्त्यांमध्ये अशा वेळी बहुतेक घरांत ड्रेस जिंकतो. ड्रेस दिसतो ना. प्रार्थनेच्या रांगेत पोरगं स्वच्छ, नवं दिसावं असं कोणत्या आईला वाटत नाही? बुटाकडे कोण बघतं! आमचं उत्तर मात्र उलटं आहे. पैसे एकाचेच असतील आणि बूट लहान झाला असेल, तर आधी बूट. ड्रेस उसवून मोठा करता येतो, त्याला ठिगळ लावता येतं, थोरलीचा धाकटीला बसवता येतो. लहान झालेला बूट कोणीच मोठा करून देऊ शकत नाही. आणि तो जे नुकसान करतो ते पोराच्या नखात, बोटात आणि चालण्यात राहून जातं.

नर्सची नोकरी करत होतो तेव्हा एका शाळेतल्या तपासणीत चौथीतला एक मुलगा आमच्यापुढे आला. बूट चकचकीत, गेल्याच जूनमध्ये घेतलेला. बूट काढ म्हटलं तर काढेना. मग आम्हीच काढला. दोन्ही अंगठ्यांची नखं मांसात रुतलेली, एका बाजूला पू. आईला बोलावलं तर ती बिचारी म्हणाली, "बाई, बूट तर नवाच आहे अजून." खरंच होतं तिचं. बूट जुना झाला नव्हता, पाय मोठा झाला होता. पोरगं काही बोललं नव्हतं, कारण बूट महागाचा आहे हे त्याला ठाऊक होतं.

लहान पोरांची एक अडचण अशीही असते, की त्यांच्या पायाची हाडं अजून पूर्ण पक्की झालेली नसतात, बराचसा भाग कूर्चेचा, लवचीक असतो. मोठ्या माणसाला चावणारा बूट लगेच कळतो. लेकराचा पाय बुटाच्या आकारात दबून बसतो आणि त्याला फारसं दुखतही नाही. म्हणून "दुखतं का रे?" एवढं विचारून भागत नाही. बघावं लागतं.

पाय किती वाढतो, आणि मोजायचा कसा

प्राथमिक शाळेच्या वयात पाय वर्षाला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. आपल्याकडच्या बुटावर जो नंबर असतो, त्यातला एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. म्हणजे वर्षाला एक नंबर, कधी थोडा जास्त. अंगणवाडीतल्या लेकराचा पाय याहून वेगाने वाढतो. ही वाढ महिन्याच्या महिन्याला सारखी होत नाही. कधी तीन महिने काहीच नाही, आणि मग आजारातून उठल्यावर किंवा उंची वाढायला लागली की एकदम. नंबरांचा एक गोंधळही सांगून ठेवतो: लहान मुलांचे नंबर 13 पर्यंत जातात आणि मग परत 1 पासून सुरू होतात. दुसरीत 13 नंबर लागणाऱ्या पोराला चौथीत 2 नंबर लागला, तर दुकानदार फसवतो आहे असं समजू नका.

मोजायला काही लागत नाही. वहीचा पाठकोरा कागद, पेन्सिल आणि खराट्याची एक काडी. मोजायचं संध्याकाळी, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगतो आणि बूट त्या पायालाही बसायला हवा. पोराला भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं करा. बसवून मोजू नका, अंगाचा भार पडला की पाय लांब होतो. पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ ओढा. दोन्ही पायांची ओढा, बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो आणि माप त्याचंच धरायचं. टाचेपासून सगळ्यात पुढच्या बोटापर्यंत काडी तोडा. पुढचं बोट म्हणजे अंगठाच असेल असं नाही, काहींचं दुसरं बोट लांब असतं.

आता ही काडी बुटात आत घाला, मागे टाचेला टेकवा आणि पुढे किती जागा उरते ते बघा. तुमच्या करंगळीच्या रुंदीएवढी जागा असेल तर बूट बरोबर आहे. अर्ध्या करंगळीपेक्षा कमी उरली तर नवा बूट बघायची वेळ आली. काडी टेकली किंवा वाकली, तर आज-उद्याकडेच बघा, दिवाळीपर्यंत थांबू नका. बुटाच्या आतलं अस्तर सुटं निघत असेल तर आणखी सोपं: ते बाहेर काढून पोराला त्यावर उभं करा, बोटं कुठवर जातात ते उघडच दिसतं. रुंदीही तेव्हाच बघून घ्या. पाय अस्तराच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येत असेल तर लांबी पुरली तरी बूट घट्ट आहे.

बाजारात आपण बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघतो ना, त्यावर फार भरवसा ठेवू नका. वरून दाबलं की पोरगं आतमध्ये बोटं आखडून घेतं आणि जागा आहे असं वाटतं. त्यापेक्षा घरूनच कागदावरचं माप कापून न्या. पोराला नेता आलं नाही तरी काम होतं.

किती दिवसांनी मोजायचं? तीन-चार महिन्यांनी. लक्षात राहावं म्हणून आम्ही वस्तीत चार दिवस ठरवून दिले आहेत. शाळा उघडायच्या आधी एकदा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यात एकदा, 3 जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीला आणि 14 एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला. कागदावर तारीख टाकून तो जपून ठेवा. आधीच्या रेघेवर नवी रेघ ओढली की पाय किती वाढला ते पोरांनाच बघायला आवडतं. (दीक्षाभूमीला जाताना पोरांना कोरे बूट घालून नेऊ नका. गाडीची गर्दी, नागपूरचं चालणं, आणि परत येताना पोरगं बापाच्या खांद्यावर. नवे बूट आधी आठवडाभर घरात थोडा थोडा वेळ घालू द्या.)

मोजायच्या दिवसांच्या मध्येही पाय बोलतो. बूट-मोजे काढल्यावर अर्ध्या तासाने लाल वळ तसेच असतील, करंगळीवर किंवा टाचेच्या मागे फोड असेल, बोटांवर कुरूप धरायला लागलं असेल, पोरगं बुटाची मागची बाजू दुमडून चपलेसारखा घालत असेल, वर्गात बसल्या बसल्या बूट काढून ठेवत असेल, तर समजा बूट लहान झाला. बूट पालथा करूनही बघा. तळव्याची नक्षी झिजून गुळगुळीत झाली की शेणा-चिखलावरून पाय घसरतो. तळ मधोमध सहज दुमडायला लागला, पुढून तोंड उघडलं, आतून खिळा किंवा कडक शिवण टोचायला लागली, तर दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. तळ चिकटवणं, शिवणं, नवी वादी, एवढं नक्की होतं आणि ते करून घेण्यात कसलाही कमीपणा नाही. पण दुरुस्तीने बूट टिकतो, वाढत नाही, हे डोक्यात असू द्या.

"दोन नंबर मोठा द्या, दोन वर्षं चालेल." हे आम्ही दुकानात उभं राहून ऐकलं आहे, आणि आमच्या घरातही म्हटलं आहे. करंगळीएवढी जागा सोडतो तेव्हा जवळपास वर्षाची वाढ आपण आधीच धरलेली असते. त्याहून मोठा बूट घेतला तर पाय आत पुढे-मागे सरकतो, पोरगं तो धरून ठेवायला बोटं आखडतं, टाचेला फोड येतात, सायकलच्या पायडलवरून पाय निसटतो. टोकात कापड कोंबून भागत नाही, कारण बूट जिथे वाकतो ती जागा आणि पाय जिथे वाकतो ती जागा एक राहत नाही. मोठा बूट आधीच घेऊन झाला असेल, तर वादीचा घ्या, वादी घट्ट बांधा आणि आत जाड अस्तर टाका. शिक्षा म्हणून फेकायची गरज नाही.

थोरल्याचा बूट धाकट्याला द्यावा का? काही लोक सरसकट नको म्हणतात. गरिबाच्या घरात असं सांगून आम्ही मोकळं व्हावं हे आम्हाला पटत नाही. थोरल्याने चार-सहा महिनेच घातला आणि पाय वाढला म्हणून सुटला, असा बूट खुशाल द्या. आधी तो सपाट फरशीवर ठेवून मागून बघा. एका बाजूला कलला असेल, टाच तिरपी झिजली असेल, आतल्या अस्तरात थोरल्याच्या बोटांचे खड्डे पडले असतील, तर देऊ नका. आतलं अस्तर बदला, बूट आतून पुसून दोन दिवस चांगल्या उन्हात ठेवा. थोरल्याला चिखल्या किंवा नखाचा बुरशीचा आजार असेल तर तो बूट कोणालाच नको.

आणि बूट आज घेताच येत नसेल, तर मागे पट्टा असलेली मापाची साधी सँडल ही घट्ट बुटापेक्षा चांगली. शाळेत चिठ्ठी द्या, कारण लिहा. घरात, स्वच्छ अंगणात पोरांनी अनवाणी खेळावं, त्याने पायाचे स्नायू चांगले होतात. पण बांधी, गोठा, बोडीचा काठ, संडासला जायची वाट इथे अनवाणी नाही. तिथल्या ओल्या मातीत अंकुशकृमी असतो. तो तळव्याच्या कातडीतून आत शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो, आणि मग पोरगं पांढरं पडतं, अभ्यासात लक्ष लागत नाही, बाई म्हणतात आळशी आहे. जंताची गोळी शाळेत आणि अंगणवाडीत वर्षातून दोनदा मोफत देतात. त्या दिवशी पोरं घरी ठेवू नका.

पावसाळा आणि आपल्याकडचे आजार

आपली शाळा उघडते ती जूनच्या अखेरीस, आणि लगेच रोवणीचे दिवस येतात. दोन महिने पोरं ओल्या बुटात ओला पाय घालून जातात. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, खाजते, चिरते, वास येतो. त्याच चिखल्या. यावर सगळ्यात मोठं औषध म्हणजे कोरडा पाय. शाळेतून आल्याबरोबर बूट-मोजे काढायचे, पाय धुवायचे, आणि बेचक्या एक एक करून फडक्याने पुसायच्या. मोजे सुती हवेत आणि दोन जोड हवेत, रोज धुवून वाळलेला जोड घालायचा. बूट ओला झाला की वादी सैल करा, जीभ बाहेर ओढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासा-दोन तासांनी ते बदला. चुलीच्या तोंडाशी ठेवू नका, रेग्झिन तडकतं आणि तळ सुटतो. चुलीपासून हातभर लांब, भिंतीला टेकवून उभा ठेवा. मुसळधार पाऊस असेल तर पोरांनी बूट पिशवीत घ्यावा, प्लास्टिकची सँडल घालून जावं आणि शाळेत जाऊन पाय पुसून बूट घालावा. ही युक्ती आम्हाला एका सहावीतल्या मुलीने शिकवली.

आठवड्यात बरं वाटलं नाही तर आरोग्य केंद्रात दाखवा, बुरशीवरची साधी मलम मिळते. दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणू नका. खाज लगेच थांबवणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टेरॉईड मिसळलेलं असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग गजकर्ण दुप्पट पसरतं आणि पुढे औषधालाही जुमानत नाही. घरोघरी जांघेत, कमरेला गजकर्ण का बसून आहे त्याचं एक मोठं कारण हेच.

सिकलसेल असलेल्या लेकराच्या आईने हा भाग दोनदा वाचावा. आपल्या विदर्भात, आपल्या समाजात आणि गोंड बांधवांमध्ये हा आजार बराच आहे. या पोरांना थंडी, ओल आणि पाणी कमी पिणं यातून अंग दुखायचा झटका येऊ शकतो. म्हणून त्यांच्या अंगावर ओला ड्रेस, ओले मोजे राहणं ही साधी गोष्ट नाही. दप्तरात एक कोरडा सदरा आणि एक मोज्यांचा जोड देत जा, शाळेत सांगून ठेवा. दहा वर्षांपुढच्या सिकलसेलच्या मुलांना घोट्याजवळ जखम झाली तर ती महिनोन्महिने भरत नाही. बुटाची कड घोट्याला घासत असेल, मोज्याचं रबर रुतून वळ पडत असेल, तर तो बूट, तो मोजा त्याच दिवशी बाजूला करा. यांच्यासाठी "थोडा घट्ट आहे, चालवून घे" हे वाक्य घरात बोलायचंच नाही. अजून तपासणी झाली नसेल तर आरोग्य केंद्रात करून घ्या. 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि तपासणी मोफत आहे.

दुसरी एक गोष्ट कधी कधी बुटामुळेच ध्यानात येते. पायाला मोठा फोड आला, जखम झाली, आणि लेकराला त्याची जाणीवच नाही. तिथे टाचणीच्या मागच्या टोकाने हलकं टोचून विचारा. कळत नसेल, किंवा अंगावर फिकट बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात तो अजून आहे. लवकर सापडला तर औषधाने पूर्ण बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

सकाळी बूट घालण्याआधी झटकायची सवय तर सगळ्यांनाच लावा. विंचू, कधी सापाचं पिल्लू, अंधाऱ्या ओल्या बुटात जाऊन बसतं. आणि 10 व्या व 16 व्या वर्षी शाळेत टीडीची लस देतात, ती चुकवू नका. खिळा, काटा, तुटलेला बूट यांची गाठ आपल्या पोरांशी रोजचीच आहे.

आता ड्रेसचं

डिसेंबर 1927 मध्ये महाडला जमलेल्या बायकांना बाबासाहेबांनी समजावलं होतं, की कपड्याला ठिगळं असली तरी हरकत नाही, पण तो स्वच्छ असला पाहिजे. आम्ही ड्रेसचा हिशोब तिथूनच सुरू करतो. रंग उडाला, गुडघ्याला ठिगळ आहे, खालची दुमड सोडल्याची जुनी रेघ दिसते, बटण वेगळ्या रंगाचं आहे, यातलं एकही कारण ड्रेस बदलण्याचं नाही. आमच्या आजीच्या पिढीने दुसऱ्याच्या दारावरून जाताना चप्पल हातात घेतली. आज आपलं पोरगं पायात बूट घालून, ठिगळाचा का होईना स्वच्छ ड्रेस घालून पहिल्या बाकावर बसतं. ठिगळाला कोणी हसलं तर मान खाली घालायची नाही, हे पोरांना घरूनच सांगा.

मग बदलायचा कधी? पोराला दोन्ही हात वर करायला सांगा आणि मग वाकून पायाची बोटं धरायला सांगा. काखेत कापड ताणलं, पाठ उघडी पडली, बटणांच्या मधून अंग दिसलं, पँट मागून तटतटली, तर माप संपलं. रात्री कपडे काढल्यावर कमरेला रबराचा खोल वळ असेल, काखेत-जांघेत कातडी सोललेली असेल, तर तेच. कापड झिजून आरपार दिसायला लागलं, तर विशेषतः मुलीचा ड्रेस लगेच बदला. धुऊनही वास जात नसेल तर एकदा गरम पाण्यात सोड्यात भिजवून कडक उन्हात वाळवा. तरी राहिला, तर त्याचं फडकं करा.

शिवून घेत असाल तर टेलरला माया ठेवायला सांगा. दोन्ही बाजूंच्या शिवणीत बोटभर, खाली चार बोटं. तेवढ्या मायेत बहुतेक पोरांचं दीड वर्ष निघतं. कापड निवडता येत असेल तर सुती किंवा सुताचं प्रमाण जास्त असलेलं घ्या. निव्वळ पॉलिस्टर लवकर वाळतं, इस्त्री लागत नाही, सगळं खरं. पण आपल्या उन्हाळ्यात घाम जिरत नाही, घामोळ्या येतात. आणि चुलीजवळ ते धोक्याचं आहे. ठिणगी पडली की ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. शाळेतून आलेल्या मुलीला ड्रेसवरच चुलीपुढे बसवू नका, आधी कपडे बदलू द्या. कधी भाजलंच तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, चिकटलेलं कापड ओढायचं नाही, पेस्ट-हळद-शाई काही लावायचं नाही, सरळ दवाखाना.

ड्रेस दोन हवेत, ते दिखाव्यासाठी नाही. पावसाळ्यात एक वाळत नाही म्हणून. एकच असेल तर पोरगं ओला घालून जातं किंवा शाळा बुडवतं. तेव्हा एक नवा आणि एक जुना-दुरुस्त, असा जोड ठेवा. दोन्ही नवे असायची गरज नाही. घरात खरूज असेल तर एकमेकांचे कपडे घालणं बंद, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं, आणि कपडे गरम पाण्यात धुवून उन्हात टाकायचे. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही.

आता मुलींच्या आयांसाठी. आठ-नऊ वर्षांपासून तेरापर्यंत मुलीचं अंग भरभर बदलतं, आणि ती कोणाला काही सांगत नाही. ती खांदे पुढे काढून, पोक काढून चालायला लागली, दप्तर छातीशी धरायला लागली, उन्हाळ्यातही वरून स्वेटर घालायला लागली, खेळाच्या तासाला पोटात दुखतं म्हणायला लागली, तर आधी तिचा ड्रेस बघा. छातीवर घट्ट झाला आहे का? आत घालायला सुती शमीज आहे का? सातवीतली एक मुलगी आठ दिवस शाळेत गेली नव्हती. घरच्यांनी बाहेरची बाधा इथपर्यंत विचार केला. आम्ही तिला विहाराच्या मागे एकटीला बसवून विचारलं, तर कारण एवढंच निघालं: फळ्याजवळ हात वर केला की कुर्ता वर जातो, पोरं हसतात. शेजारणीने त्याच संध्याकाळी कुर्त्याच्या दोन्ही शिवणी सोडल्या, खाली पट्टी जोडली. सोमवारी ती शाळेत होती. मुलीचा ड्रेस घट्ट झाला तर तिथे बूट-ड्रेसचा हिशोब करत बसू नका, तो आठवड्याच्या आत सोडवून घ्या. पाळी आलेल्या मुलीच्या दप्तरात एक जादा चड्डी, दोन पॅड आणि गडद रंगाचा परकर किंवा सलवार ठेवा.

हक्काचं आधी घ्या

पहिली ते आठवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत ड्रेसचे दोन जोड समग्र शिक्षा अभियानातून मोफत असतात, एका जोडाला 300 रुपयांच्या हिशोबाने. आधी यात सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालची मुलं होती. 2023-24 पासून राज्याने बाकीच्या मुलांनाही धरलं आणि एक जोड बूट व दोन जोड मोजे सुरू केले. त्यासाठी एका मुलामागे 170 रुपये धरले. एवढ्या पैशात कसला बूट येतो हे आम्ही सांगायला नको. तरी तो मापाचा असेल तर सहा-आठ महिने निघतात. खरी अडचण मापाची. बऱ्याचदा माप वर्गावरून लावलं जातं, चौथीच्या सगळ्यांना अमुक नंबर. पोरांचे पाय काही वर्गवार वाढत नाहीत.

2024-25 मध्ये "एक राज्य, एक गणवेश" म्हणून खरेदी वरून झाली. पोरांनी अर्धं वर्ष जुन्या कपड्यांत काढलं, मापाच्याही तक्रारी झाल्या. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने तो निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. आपल्यासाठी हे महत्त्वाचं आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. तुमच्या वस्तीतलं कोण आहे त्या समितीत? माहीत नसेल तर विचारा. कोणीच नसेल तर निवडीच्या सभेला जा.

बूट नाही, ड्रेस नाही म्हणून पोराला वर्गाबाहेर उभं केलं, रांगेतून बाजूला काढलं, तर गप्प बसू नका. आम्ही एका शाळेत हे डोळ्यांनी पाहिलं आहे. बाहेर उभी होती ती दोन्ही आपल्या वस्तीतली पोरं होती. त्याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. आधी मुख्याध्यापकांना भेटा, चार-पाच पालक मिळून भेटा, चांगल्या शब्दांत बोला. बहुतेक वेळा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर लेखी द्या, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि पोच घ्या.

नववीत गेल्यावर ही मदत थांबते, सगळा खर्च घरावर येतो. तेव्हा पैसे लावताना एवढं लक्षात घ्या: मुलीचा पाय तेरा-चौदाव्या वर्षी वाढायचा थांबतो, म्हणून तिला नववीत एकदाच मजबूत, चांगला बूट घेतला तर तो दहावीपर्यंत सहज जातो. मुलाचा पाय पंधरा-सोळापर्यंत वाढतच असतो, त्याला महागाचा घेऊ नका, मापाचा साधा घ्या, दिवाळीनंतर धान विकल्यावर पुन्हा काडी घालून बघा. आणि आठवीपर्यंतच्या पोरांच्या पायाचे कागद, नाव, वर्ग आणि तारीख घालून, समितीची खरेदीची सभा होण्याआधी मुख्याध्यापकांच्या हातात द्या. एका कागदाने काही होत नाही, वस्तीतले तीस कागद एकत्र बांधून द्या. ज्यांना रेघा ओढायला जमत नाही त्यांनी शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी पोरांना घेऊन विहारात यावं. पेन्सिल, कागद आणि काड्या आम्ही घेऊन बसतो.